एचडी शूटिंग डिस्कवर नेताना: एक्सपोर्ट करायच्या आधी काय ठरवायचं

लग्नसराई ओसरू लागली की बुलढाणा जिल्ह्यातल्या स्टुडिओवाल्यांकडून तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. कॅमेरा फुल एचडी, टाइमलाइन फुल एचडी, मग डीव्हीडी टीव्हीवर लावली की चित्र पुसट का? वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा का येतात? ब्लू-रे राइट करून दिली, ती माझ्या कॉम्प्युटरवर चालते, पण ग्राहकाच्या प्लेअरवर ‘डिस्क एरर’ का येते? तिकडे कुटुंबांचीही विचारणा असते, की पैसे एचडीचे घेतले आणि हातात आलं ते एचडी आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे. मिक्सिंग संपतं, घाईत एमपी४ फाइल निघते आणि ती कोणत्या डिस्कवर जाणार हे त्यानंतर ठरतं. हा क्रम तुम्ही उलटा करा. डिस्क आधी ठरवा, मग तिला जशी लागते तशीच फाइल काढा.

बुकिंगच्या वेळीच प्लेअर विचारा

‘सीडी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला बहुधा डीव्हीडी हवी असते. पण ती कशावर लावणार, हे त्याला कोणी विचारत नाही. घरी डीव्हीडी प्लेअर आहे की ब्लू-रे? की टीव्हीला थेट पेनड्राइव्ह लावतात? परदेशी कोणाला प्रत पाठवायची आहे का? उत्तरं बुकिंगच्या पावतीवरच लिहून ठेवा. त्यानुसार तुमच्यापुढे हे पर्याय राहतात:

- डीव्हीडी: चित्र ७२० × ५७६. आपल्याकडच्या जवळपास कोणत्याही डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेअरवर चालते. साध्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी, दोन थरांच्या डिस्कची ८.५ जीबी.
- ब्लू-रे: चित्र १९२० × १०८०. एका थराची डिस्क २५ जीबीची, दोन थरांची ५० जीबीची. ब्लू-रे रायटर आणि ब्लू-रे प्लेअर दोन्ही लागतात.
- एव्हीसीएचडी डिस्क: कोऱ्या डीव्हीडीवरच राइट केलेलं एचडी चित्र. साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही, पण अनेक ब्लू-रे प्लेअरवर चालते. बिटरेट १८ एमबीपीएसच्या आत ठेवावा लागतो, म्हणून ४.७ जीबीमध्ये ३५ ते ४० मिनिटंच मावतात. हायलाइटसाठी उत्तम, पूर्ण लग्नासाठी अपुरी.
- पेनड्राइव्हवर एमपी४: ही डिस्क नव्हे, पण आज सगळ्यात जास्त मागणी हिलाच आहे.

एक गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगा: डीव्हीडी-व्हिडिओच्या प्रमाणात एचडी बसतच नाही. तुम्ही ४केमध्ये शूट केलंत तरी डीव्हीडीवर ते ७२० × ५७६ होऊनच उतरतं. चांगल्या एचडीपासून काढलेली डीव्हीडी वाईट शूटिंगच्या डीव्हीडीपेक्षा नक्कीच सुबक दिसते, पण तिला ‘एचडी डीव्हीडी’ म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे.

टाइमलाइन: २५ आणि ५० सोडून तिसरा आकडा नको

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि टीव्हीची पद्धत पाल. म्हणून कॅमेरा पालवर, २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवा. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर मांडवातले बहुतेक दिवे लपलपत नाहीत.

खरी अडचण येते अनेक कॅमेऱ्यांचं शूटिंग एकत्र होतं तेव्हा. १२ जानेवारीचा सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव घ्या, शेगावच्या पालखीचं चित्रण घ्या किंवा एखादं मोठं लग्न. मुख्य कॅमेरा ५०आय, दुसरा २५पी, ड्रोन ३०पी, आणि कोणाच्या तरी मोबाइलवर घेतलेल्या क्लिपा, ज्यांत फ्रेमचा वेग सेकंदागणिक बदलत असतो. हे सगळं एका टाइमलाइनवर टाकलं की चित्र अडखळतं, आवाज ओठांच्या मागे-पुढे होतो आणि दोष डिस्कवर ढकलला जातो.

मोबाइलच्या क्लिपा आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढून घ्या, मगच टाइमलाइनवर आणा. ड्रोनचे ३०पी शॉट २५ च्या टाइमलाइनवर थोडे झटके देतात. सावकाश सरकणारा शॉट असेल तर त्याचा वेग थोडा कमी करून प्रत्येक फ्रेमला फ्रेम जुळवा, झटका जातो. पुढच्या वेळी ड्रोनवाल्याला आधीच २५पी किंवा ५०पी लावायला सांगा.

आता त्या रेघांविषयी. ५०आय चित्रात प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते आणि दोन्ही फील्ड वेगवेगळ्या क्षणांची असतात. एचडीमध्ये वरचं फील्ड आधी येतं, तर जुन्या डीव्ही कॅसेटच्या चित्रणात खालचं आधी येत असे. टाइमलाइन एका क्रमाची आणि एक्सपोर्ट दुसऱ्या क्रमाचा झाला की हलणारी प्रत्येक गोष्ट मागे-पुढे थरथरते. फील्ड न सांभाळता चित्र लहान केलं तर रेघा कायमच्या चिकटतात. म्हणून एचडी टाइमलाइनवरून काहीही काढताना फील्ड ऑर्डर ‘अपर फर्स्ट’ आहे का, ते दर वेळी पाहा. जुन्या कॅसेटची क्लिप त्यात घातली असेल, तर त्या क्लिपचा क्रम वेगळा नोंदवा.

डिस्कच्या आधी मास्टर फाइल

मिक्सिंग मंजूर झालं की पहिली फाइल डिस्कची काढू नका. एडियसवर असाल तर एचक्यूएक्स, प्रीमियर किंवा दा व्हिंची रिझॉल्व्हवर असाल तर प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर अशी मास्टर काढा. फुल एचडी २५ फ्रेमच्या प्रोरेस ४२२ ला तासाला साधारण ५५ जीबी जागा लागते. एवढी जागा नसेल तर ५० एमबीपीएसची एच.२६४ फाइल चालेल, ती तासाला साडेबावीस जीबी घेते. पुढच्या डीव्हीडी, ब्लू-रे, पेनड्राइव्ह या सगळ्या प्रती मास्टरवरूनच काढा. मंजुरीसाठी पाठवलेल्या छोट्या एमपी४वरून डीव्हीडी काढायचा मोह टाळा. दोनदा दाबलेलं चित्र तिसऱ्यांदा दाबलं की हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल रंग चौकोन-चौकोन होऊन फुटतो.

डीव्हीडीसाठी एक्सपोर्ट

- व्हिडिओ: एमपीईजी-२, पाल, ७२० × ५७६, २५ फ्रेम, अपर फर्स्ट
- प्रमाण: १६:९ वाइडस्क्रीन. इथे ४:३ राहिलं तर टीव्हीवर सगळे चेहरे उभट आणि बारीक दिसतात.
- आवाज: ४८ किलोहर्ट्झ, डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३, १९२ ते ४४८ केबीपीएस
- पद्धत: व्हीबीआर, दोन पास

टाइमलाइन २५पी असेल तर घाबरू नका. तिची दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात, त्यामुळे ‘इंटरलेस्ड’ म्हणून काढली तरी काही बिघडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ‘मल्टिप्लेक्सर’ असा पर्याय दिसला तर तो बंद ठेवा. मग चित्र आणि आवाज अशा दोन वेगळ्या फाइली मिळतात, आणि ऑथरिंग, म्हणजे डिस्कची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याच हव्या असतात.

बिटरेटचा हिशेब स्वतः करा, ‘फिट टू डिस्क’वर सोडू नका. ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. मेनू वगैरेसाठी थोडं राखून ३६,००० धरा आणि कार्यक्रमाच्या एकूण सेकंदांनी भागा. उत्तर येईल ते चित्र आणि आवाज मिळून.

- ६० मिनिटं: भागाकार १० येतो, पण चित्राला ८ एमबीपीएसच्या वर जाऊ नका
- ९० मिनिटं: चित्राला सुमारे ६.२
- १२० मिनिटं: सुमारे ४.६
- १८० मिनिटं: सुमारे ३

डीव्हीडीच्या नियमात चित्राची मर्यादा ९.८ एमबीपीएस आहे. तरीही ८ म्हणायचं कारण हे, की घरी राइट केलेली डिस्क जुन्या प्लेअरची लेन्स छापील डिस्कइतकी सहज वाचत नाही आणि बिटरेट उंच गेला की ती अडकते. दुसरं टोक ३ चं. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबलं की नेमकी वरात बिघडते: उधळलेला गुलाल, हलणारी गर्दी, बँडवाल्यांच्या कपड्यांवर चमकणारे दिवे या सगळ्याला बिटरेट जास्त लागतो. दिंडीतल्या पताकांचंही तेच. दोन तासांच्या पुढे कार्यक्रम गेला तर सरळ दोन डिस्क करा, एक हळद-सीमांतपूजनाची, दुसरी लग्न आणि पाठवणीची. ग्राहकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आवाज पीसीएममध्ये ठेवला तर तो एकटाच दीड एमबीपीएस खातो. दोन तासांच्या डिस्कवर हे परवडत नाही, एसी-३ घ्या.

ब्लू-रेसाठी एक्सपोर्ट

‘कॉम्प्युटरवर चालते, प्लेअरवर नाही’ ही तक्रार इथलीच. कॉम्प्युटर जवळपास काहीही चालवतो. ब्लू-रे प्लेअर मात्र ठरावीक साच्यातलंच चित्र घेतो, आणि त्या साच्यात १९२० × १०८० ला ५०पी नाही. २५पीसुद्धा थेट नाही, ते ५०आयच्या वेष्टनातच द्यावं लागतं. ४के तर साध्या ब्लू-रेवर बसतच नाही. तुमच्या टाइमलाइनप्रमाणे निवड अशी करा:

- ५०आय टाइमलाइन: १०८०आय, अपर फर्स्ट
- २५पी टाइमलाइन: तेच, १०८०आय. दर्जा कमी होत नाही.
- ५०पी टाइमलाइन: हालचाल गुळगुळीत हवी तर १०८०आय, किंवा १२८० × ७२० ५०पी
- कोणाकडून २४पी टाइमलाइन आलीच तर: १०८०पी २४

प्रीसेटच्या नावात कुठे ‘१०८०आय २५’ तर कुठे ‘१०८०आय ५०’ लिहिलेलं असतं. दोन्ही एकच: २५ फ्रेम म्हणजेच ५० फील्ड.

साधं ‘एच.२६४’ निवडून एमपी४ काढू नका, ‘एच.२६४ ब्लू-रे’ निवडा. हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१. कमाल बिटरेट ४० पर्यंत चालतो, पण राइट केलेल्या डिस्कला ३० ते ३५ च्या आत ठेवणं बरं. आवाज एसी-३ किंवा पीसीएम. एमपी४मध्ये नेहमी असतो तो एएसी आवाज डीव्हीडीलाही चालत नाही आणि ब्लू-रेलाही नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. कित्येक ‘आवाजच येत नाही’ तक्रारींचं कारण तेवढंच असतं.

२५ जीबीच्या डिस्कसाठी १,८५,००० ला सेकंदांनी भागा. आवाज वजा जाता चित्राला दोन तासांसाठी सरासरी सुमारे २५ एमबीपीएस मिळतात, तीन तासांसाठी सुमारे साडेसोळा. एच.२६४ ला हे भरपूर आहे.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे कुठे सापडेल

एडियसमध्ये एक्सपोर्टरच्या यादीत एच.२६४ खाली ‘ब्लू-रे’ आणि एमपीईजी खाली ‘एलिमेंटरी स्ट्रीम’ शोधा. अनेक आवृत्त्यांत ‘बर्न टू डिस्क’ही आहे, साध्या मेनूसाठी ते पुरतं.

प्रीमियरची गोष्ट वेगळी. त्याची ऑथरिंगची जोडीदार अ‍ॅडोबी एन्कोअर सीएस६ नंतर बंद झाली, २०१३ पासूनच्या सीसी आवृत्त्यांत ती नाही. ज्यांच्याकडे परवान्याची जुनी प्रत आहे ते अजून तीच वापरतात. नव्या आवृत्तीत तुम्हाला ‘एमपीईजी२-डीव्हीडी’ किंवा ‘एच.२६४ ब्लू-रे’ दिसत असेल तर ते वापरा, नसेल तर मास्टर काढून पुढचं काम ऑथरिंग सॉफ्टवेअरला द्या. व्हेगासवाल्यांनी डीव्हीडी आर्किटेक्टच्या नावाचे टेम्प्लेट निवडावेत, त्यात चित्र आणि आवाज वेगवेगळेच निघतात. दा व्हिंची रिझॉल्व्ह डिस्कसाठी तयार फाइल देत नाही, तिथून फक्त मास्टर घ्या.

ऑथरिंग: तयार फाइल पुन्हा दाबली जाऊ देऊ नका

एवढी काळजी घेऊन काढलेली फाइल ऑथरिंग सॉफ्टवेअरने पुन्हा एन्कोड केली तर सगळी मेहनत वाया. एन्कोअरमध्ये फाइलसमोर ‘डोन्ट ट्रान्सकोड’ असं दिसायला हवं. ‘अनट्रान्सकोडेड’ दिसलं तर एक्सपोर्टमध्ये काहीतरी नियमाबाहेर गेलंय, परत जाऊन तपासा. मोफत डीव्हीडीस्टायलरमध्ये प्रत्येक फाइलच्या गुणधर्मांत चित्र आणि आवाज ‘कॉपी’वर ठेवता येतो. मेनू नसलेल्या ब्लू-रेसाठी टीएसमक्सर हे मोफत सॉफ्टवेअर फोल्डर बनवून देतं. मेनूसह ब्लू-रे हवी असेल तर टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्ससारखं विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. ब्लू-रेचं काम नियमित असेल तर तो खर्च वसूल होतो, वर्षाकाठी दोन-चार डिस्कसाठी नाही.

मेनूत मराठी लिहिताना जोडाक्षरं फुटतात, ही तक्रारही नेहमीची. जुन्या ऑथरिंग सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जोडता येत नाही. मेनूचं पान फोटोशॉपमध्ये चित्र म्हणून बनवा आणि तेच आत घाला. अक्षर जाड निवडा, कारण बारीक शिरोरेषा इंटरलेस्ड चित्रात लुकलुकते. नावं कडेपासून आत ठेवा, जुने टीव्ही कडा कापतात. फाइलींची आणि फोल्डरची नावं मात्र छोटी आणि इंग्रजी अक्षरांत असू द्या.

साखरपुडा, हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी, वरात अशा चॅप्टरच्या खुणा टाइमलाइनवर आधीच ठेवल्यात तर बरं. फाइल तयार झाल्यावर टाकलेली खूण जवळच्या पूर्ण फ्रेमवर सरकते आणि मंगलाष्टकांचा पहिला शब्द कापला जातो.

राइट करताना आणि केल्यावर

थेट डिस्कवर राइट न करता आधी हार्ड डिस्कवर फोल्डर किंवा आयएसओ बनवा. तो व्हीएलसीमध्ये शेवटपर्यंत पाहा, मगच कोरी डिस्क घाला. डीव्हीडी ८एक्सच्या वर राइट करू नका, ब्लू-रे ४एक्सवर करा. ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा. लाईट जाण्याचा नेम नाही, म्हणून कॉम्प्युटर यूपीएसवरच असावा. साधा इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की डिस्क गेली. तयार डिस्क कॉम्प्युटरवर नव्हे, टीव्हीला जोडलेल्या साध्या प्लेअरवर तपासा. सुरुवात, मध्य आणि विशेषतः शेवट पाहा, कारण डिस्कची बाहेरची कड सगळ्यात आधी दगा देते.

कागदी स्टिकर चिकटवू नका, त्याने डिस्कचा तोल बिघडतो. प्रिंटेबल डिस्क घ्या किंवा डिस्कसाठीचाच मार्कर वापरा. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या काचेमागे डिस्क ठेवलेली असेल तर ती टिकण्याची आशा धरू नका.

कोऱ्या डिस्क मिळणंही अवघड होत चाललंय. मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, सोनीने राइट करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. बाजारात बनावट नावाचा माल फिरतो, म्हणून नव्या गठ्ठ्यातली एक डिस्क राइट करून, तपासून मगच ग्राहकाचं काम सुरू करा.

पेनड्राइव्ह आणि परदेशातली प्रत

पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही. एक्सफॅट करा, पण ग्राहकाचा टीव्ही ते वाचतो का हे आधी विचारा. जुना टीव्ही असेल तर फाइलचे ४ जीबीच्या आतले भाग करा आणि एच.२६५ नको, एच.२६४ आणि एएसी आवाज ठेवा. पेनड्राइव्ह देवघेवीसाठी आहे, जपणुकीसाठी नाही. कुटुंबाने फाइल हार्ड डिस्कवरही उतरवून घ्यावी.

अमेरिकेत एनटीएससी पद्धत आहे. तिथल्या बहुतेक साध्या प्लेअरवर आपली पाल डीव्हीडी चालत नाही, ५०आयची ब्लू-रेही अनेक ठिकाणी अडते. २५ फ्रेम ओढून ताणून ३० करत बसण्यापेक्षा त्या नातेवाइकांना एमपी४ फाइल द्या, ती त्यांच्या कॉम्प्युटरवर आणि टीव्हीवर मूळ वेगाने चालेल.

कोर्टासाठी डिस्क मागितली तर

भांडण, मोजणी, ग्रामसभा यांचं चित्रण पुरावा म्हणून मागितलं जातं. तेव्हा वरचं काहीच करू नका. कार्डावरची मूळ फाइल जशीच्या तशी डेटा डिस्कवर द्या, कार्ड पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवायची असते. वकिलांना विचारूनच ते भरा.

हक्क: स्टुडिओचे आणि कुटुंबाचे

पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक ती करवून घेणारा असतो, असं कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ सांगतं, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाच्या फिल्मवर हक्क कुटुंबाचा. स्टुडिओला जाहिरातीसाठी तुकडा वापरायचा असेल तर बुकिंगच्या पावतीवरच लेखी परवानगी घ्यावी. कच्चं शूटिंग द्यायचं की नाही आणि मास्टर किती महिने सांभाळायची, हेही तिथेच लिहा.

गाण्यांबाबत गैरसमज फार आहे. लग्नसमारंभात गाणं वाजवायला कलम ५२ मध्ये सूट आहे. ती समारंभातल्या वाजवण्यापुरती. तेच गाणं फिल्मला जोडून प्रती काढणं किंवा यूट्यूबवर टाकणं हा वेगळा वापर आहे, त्याला परवानगी लागते. समारंभातला मूळ आवाज किंवा परवान्यासह मिळणारं संगीत वापरलंत तर हा प्रश्नच उरत नाही.

कुटुंबांनी बिलावर ‘व्हिडिओ शूटिंग’ एवढंच लिहून घेऊ नये. कोणती डिस्क, किती प्रती, चित्र १९२० × १०८० की ७२० × ५७६, डिस्क न चालल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, हे लिहून घ्या. डिस्क हातात आल्यावर कॉम्प्युटरमध्ये घालून पाहा. ‘बीडीएमव्ही’ नावाचं फोल्डर असेल तर चित्र बहुधा एचडी आहे. ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर असेल तर ती डीव्हीडीच आहे, वेष्टनावर काहीही छापलेलं असो. ठरल्याप्रमाणे काम झालं नसेल तर आधी स्टुडिओला लेखी कळवा. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. स्टुडिओ दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बुलढाण्याला करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीसोबत बिल, लेखी कळवल्याची प्रत आणि ती डिस्क जोडा.